माती राखणारे

टेंभुर्णी हे जाफ्राबाद तालुक्यातलं गाव. बुलढाणा जिल्ह्याची शीव जवळच. जमीन काळी, कापसाची. भिजली की पायाला चिकटते, वाळली की भेगाळते. अशा मातीत कुस्ती होत नाही. आखाड्यासाठी तांबडी माती बाहेरून आणायची आणि आणल्यावर तिला जपायचं. चाळायची, खडे वेचायचे, ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, थोडी काव मिसळायची. रोज पहाटे खोऱ्यानं उकरायची, पाण्याचा हबका मारायचा. दोन दिवस कुणी हात लावला नाही तर पोरांची कोपरं, गुडघे सोलून निघतात.

आमच्या मोहल्ल्यातले एक चाचा हे काम करीत. दिवसा गवंडीकाम. फजरची नमाज झाली की घरी न जाता सरळ आखाड्यात. "बेटा, मट्टी सूखी तो बच्चों का चमडा निकलता," एवढंच बोलायचे. पोरं मराठ्यांची, धनगरांची, आमच्या मोहल्ल्यातली. सगळे त्यांना वस्ताद म्हणत. हा शब्द म्हणजे आपला उस्तादच, मराठीत येऊन मातीला लागलेला. मोबदला काय, तर जत्रेच्या फडात एक नारळ आणि एक फेटा. चाचींना हे पटत नसे. फुकटची हमाली करणारा माणूस घरच्यांना रिकामटेकडा वाटतो, आणि त्यांचंही चूक नव्हतं. चूल काही नारळावर पेटत नाही.

खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकलं, हे पोरांना पाठ असतं. पण त्यांच्या जाण्यासाठी गोळेश्वर-कराडच्या लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे सांगावं लागतं. प्राचार्यांच्या नोकरीत असलं काही बसत नव्हतं. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते कर्ज फेडलं.

डिसेंबर 2018 मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा आमच्या जालन्यात झाली. माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखनं गादी विभागाच्या अभिजीत कटकेला हरवून गदा घेतली. तो खेळत होता बुलढाण्याकडून, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांकडून. मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली, आणि मराठा आळीतही. रफिक हा कोल्हापूरच्या न्यू मोतीबाग तालमीतला, हिंदकेसरी गणपतराव आंदळकरांचा चेला. आंदळकर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले होते. ती गदा त्यांना बघायला मिळाली नाही. त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे मात्र गदेपेक्षा खोरं जास्त होतं. रफिकच्या लहानपणीही कुणीतरी पहाटे माती उकरली असणारच.

हल्ली गावोगाव मॅटची मागणी होते. मॅट हवीच, वरच्या स्पर्धा तिच्यावरच होतात. पैसा आला की ती येईलही. पण ती झाडायला, पुसायला, पोरं वेळेवर आली की नाही बघायला आणि न आलेल्याच्या घरी जाऊन विचारायला माणूस लागतो, आणि तो निविदा काढून मिळत नाही.

चाचांचे गुडघे आता जमिनीला टेकत नाहीत. आमच्या आखाड्याच्या शेडसाठी दिलेला अर्ज एका कचेरीत पडून आहे. ऊस तोडायला नाहीतर कारखान्यात कामाला पोरं निघून जातात. उरलेल्या तिघांनी आपसात वार वाटून घेतले आहेत: सोमवार-मंगळवार एक, बुधवार-गुरुवार दुसरा, शुक्रवार-शनिवार तिसरा. रविवारी चाचा खुर्ची टाकून बसतात आणि माती मुठीत घेऊन दाबून बघतात. गेल्या रविवारी म्हणाले, "ताक कम पडा."

ताक कुणाच्या घरून आणायचं, यावर पोरांचं अजून भांडण चालू आहे.