शेवटपर्यंत न पाहिलेला सिनेमा

आमच्या वस्तीत सिनेमावरून जेवढी भांडणे झाली, तेवढी महापालिकेच्या निवडणुकीवरूनही झाली नसतील. लहानपणी चौदा एप्रिलच्या आदल्या रात्री मंडळ वर्गणी काढून व्हिडिओ आणायचे. मग अमिताभचा लावायचा की मिथुनचा, यावर मध्यरात्रीपर्यंत वाद. मिरवणुकीत एका रांगेत चालणारी माणसे सिनेमाच्या बाबतीत मात्र एकमेकांची तोंडे पाहत नसत. "तुला काय कळतंय पिक्चरमधलं?" हे वाक्य प्रत्येकाने प्रत्येकाला ऐकवलेले आहे. मीही ऐकवले आहे, आणि तेही माझ्या वडिलांना.

वडील हमाली करायचे. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील सोलापूरकडून पुण्यात आले ते कायमचे. एका रविवारी संध्याकाळी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बिमल रॉय यांचा 'सुजाता' लागला होता. हा १९५९ सालचा चित्रपट. अस्पृश्य घरात जन्मलेली मुलगी ब्राह्मण कुटुंबात वाढते, तिचे काम नूतनने केले आहे. वडील तो बघताना धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. मी तेव्हा अकरावीत होतो आणि नुकताच अभ्यासवर्गाला जायला लागलो होतो, म्हणजे सगळे समजले होते! मी त्यांना सुनावले, "दादा, ही दयेची गोष्ट आहे. आपल्या पोरीनं रक्त देऊन मालकिणीचा जीव वाचवायचा, मग तिला माणूस मानायचं, हे कसलं आलंय?"

वडील काही बोलले नाहीत. माझे ते मत आजही फारसे बदललेले नाही. पण ते कशासाठी रडत होते, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले. त्या चित्रपटात सांभाळ करणारी आई सुजाताची ओळख करून देताना 'माझी मुलगी' म्हणत नाही, 'मुलीसारखी' म्हणते. वडील ज्या गोदामात कामाला होते, तेथील मालकही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हा अगदी घरच्यासारखा आहे." आणि त्या घरच्यासारख्याचा चहाचा कप खिडकीच्या बाहेर, वेगळा ठेवलेला असायचा. वडिलांनी सगळा चित्रपट त्या एका 'सारखी' या शब्दासाठी पाहिला होता. मी पाहिला तो पुस्तकातून.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, पोटासाठी कारकुनी करतो. आमच्या वह्यांत नव्या पानावर पहिली नोंद असते ती मागील पानावरून पुढे आणलेल्या शिल्लकेची. ती न पाहता नुसते या पानावरचे आकडे जुळवायला गेलात तर हिशोब कधीच लागणार नाही. सिनेमाच्या बाबतीत मात्र आपण ती शिल्लक लपवतो आणि एकदम निकाल जाहीर करतो, 'भिकार पिक्चर' किंवा 'एक नंबर पिक्चर'. आता मी लपवलेल्या शिल्लकेची गोष्ट सांगतो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' चित्रपटगृहात लागला. मंडळाची पोरे मला आग्रहाने घेऊन गेली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. कैकाडी बोलीत 'फँड्री' म्हणजे डुक्कर. त्याला वर्गातली शालू आवडते आणि गावाला मात्र त्याच्या बापाकडून डुकरे पकडून हवी असतात. शेवटी भर दिवसा, शाळेतली सगळी पोरे बघत असताना, जब्याला घरच्यांबरोबर डुकरामागे धावावे लागते. तेव्हा तो आडोशाला लपतो.

तेथे मी उठलो. पाणी पिऊन येतो म्हणालो आणि बाहेर पोस्टरे बघत उभा राहिलो, ते लोक बाहेर पडेपर्यंत.

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक होती. पोरांचा ठराव होता की जयंतीच्या पंधरवड्यात विहारात प्रोजेक्टर लावून 'फँड्री' दाखवायचा. मी सचिव. मी कडाडून विरोध केला. म्हणालो, १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्याला मृतमांस सोडायला सांगितले, १९५६ साली धम्म दिला, आणि तुम्ही विहारात आपल्या लेकरांना डुकरे दाखवणार? आमची गरिबी विकून पारितोषिके मिळवण्याचा हा धंदा आहे. शिवाय ही कैकाडी समाजाची कथा, आपला काय संबंध? (हे वाक्य आज लिहिताना हात अडखळतो, पण मी ते बोललो होतो, इतिवृत्तात आहे.) आणि मी शेवटचा घाव घातला, "या सिनेमात बाबासाहेब कुठे आहेत?"

एका पोराने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले. "काका, तुम्ही शेवटपर्यंत बघितला ना?"

"बघितला," मी म्हणालो. पंचशील घेऊन बैठक सुरू केली होती आणि अर्ध्या तासात चौथे शील मोडले! ठराव बारगळला.

त्यानंतर साधारण वर्षभराने तो टीव्हीवर लागला. आई, सौ. आणि पाचवीत शिकणारी मुलगी बघत बसल्या होत्या. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरून पलंगावर. घर एका खोलीचे, जाणार कुठे? तो प्रसंग आला. जब्या लपला. आणि आई पडद्याकडेच बघत, शांतपणे म्हणाली, "लपतंय बघ कसं. आपला बी असाच लपला व्हता."

"कोण गं आजी?" मुलीने विचारले.

"हाय एक."

माझ्या हातातले वर्तमानपत्र तसेच राहिले.

१९९७ साल. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आई तेव्हा कागद, काच, पत्रा वेचायची. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. आई तिची सभासद होती. प्लास्टिकचे आवरण घातलेले, फोटोचे ओळखपत्र तिला मिळाले, तेव्हा तिने ते घरोघर नेऊन दाखवले होते. "आता पोलीस चोर म्हणणार न्हाय," म्हणायची. तिच्या आयुष्यात तिचा फोटो असलेला तो पहिला कागद. मी ते ओळखपत्र कोणत्याही मित्राला दाखवले नाही. कॉलेजात मी सांगितले होते की आई घरीच असते.

एके दुपारी फाटकासमोरच्या टपरीवर आम्ही चौघे-पाचजण चहा पीत उभे होतो. दोन मुलीही होत्या. कोपऱ्यावरून तीन बायका आल्या, पाठीवर डोक्यापेक्षा उंच पोती. मधली आई. मी कप ठेवला आणि झेरॉक्सच्या दुकानाच्या मागे गेलो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. डोकावून पाहिले तेव्हा आई रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने, मान खाली घालून चालली होती. एरवी ती त्या बाजूने कधी जात नसे, कारण कचरापेटी इकडच्या बाजूला होती. त्या दिवशी तिने ती पेटी सोडली. रात्री घरी तिने एवढेच विचारले, "जेवलास का?"

म्हणजे तिने पाहिले होते. अठरा वर्षे तिने ते पोटात ठेवले आणि मीही. आणि मी ज्याला चळवळीची भूमिका म्हणून बैठकीत मांडत होतो, ती मुळात झेरॉक्सच्या दुकानामागची भिंत होती.

त्या रात्री मी 'फँड्री'चा शेवट पहिल्यांदा पाहिला. पकडलेले डुक्कर बांधून, खांद्यावर घेऊन जब्या घरच्यांबरोबर चालला आहे आणि मागे शाळेच्या भिंतीवर चित्रे आहेत. त्यांत बाबासाहेब आहेत, सावित्रीमाई आहेत, शाहू महाराज आहेत, गाडगेबाबा आहेत. मी बैठकीत विचारत होतो, बाबासाहेब कुठे आहेत! ते तिथेच होते, मीच पोस्टरे बघत बाहेर उभा होतो.

सिनेमा संपल्यावर आमच्या घरात जे झाले तेही सांगण्यासारखे आहे. मी जब्याने शेवटी भिरकावलेल्या दगडाने हललो होतो. आईला तो दगड मुळीच आवडला नाही. "दगुड मारून काय व्हतंय? उद्या साळंत घेत्याल का त्याला?" तिच्या मते चित्रपटात सगळ्यात चांगले काय, तर जब्याचा बाप. किशोर कदम यांनी उभा केलेला तो कचरू तिला आमच्या गावाकडच्या माणसांसारखा वाटला. "मारतो लई, पर त्याचा बी काय इलाज हाय?" सौ.चे मत असे की दिवसभर राबून आल्यावर माणसाने असले बघूच नये, त्यापेक्षा एखादा लग्नाकार्याचा, गाण्यांचा सिनेमा बरा. तिला आम्ही दोघे 'तुला कळत नाही' म्हणायला निघालो होतो, पण ती सकाळी पाचला उठून पाणी भरते आणि नंतर तीन घरची पोळ्यांची कामे करते. तिच्या शिलकेत रडणे आधीच पुष्कळ आहे. आणि मुलगी म्हणाली, "ती शालू काहीच का बोलत नाही?"

हा प्रश्न आम्हा मोठ्यांपैकी कोणालाच पडला नव्हता. पुढे २०१६ च्या एप्रिलमध्ये त्याच दिग्दर्शकाचा 'सैराट' आला. बुलेट चालवणारी, ट्रॅक्टर चालवणारी आर्ची पाहून ही पोरगी खुर्चीत उभी राहिली. मी मात्र त्या चित्रपटाचा शेवट मुलीचा बाप म्हणून पाहिला. घरी येईपर्यंत तिचा हात सोडला नाही, ती वैतागली.

मग काय, सगळे ज्याच्या-त्याच्या आवडीवरच सोडायचे? तसेही मला वाटत नाही. आमचे दुःख मांडून त्यावर टाळ्या घेणारे चित्रपट आहेत, आणि त्यांना तसे म्हटलेच पाहिजे. जब्बार पटेल यांच्या २००० सालच्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटाबद्दल आमच्या वस्तीत कधी चर्चाच झाली नाही. मामुट्टी पडद्यावर आले की बाया हात जोडायच्या. तेथे चांगले-वाईट बोलणे म्हणजे जणू अपमान. माझ्या मते हेही बरे नव्हे. भगवंतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून एखादी गोष्ट मानू नका. हे आपण सगळे भाषणात सांगतो. पण त्याच उपदेशात असेही आहे की आपल्या आधीच्या मताशी जुळते एवढ्यासाठीही मानू नका. हा भाग भाषणात सहसा येत नाही. माझ्याही येत नसे.

त्यानंतरच्या बैठकीत मी स्वतः ठराव मांडला, आणि आदल्या वर्षी मी अर्धाच सिनेमा पाहिला होता हेही सांगितले. पोरे हसली. हसू दिले. वर्षावासात एका शनिवारी ग्रंथवाचन झाल्यावर विहारात पांढरी चादर बांधून 'फँड्री' दाखवला. आई सतरंजीवर सगळ्यांत पुढे बसली होती. लपण्याचा प्रसंग आला तेव्हा मी तिच्याकडे पाहिले, तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती २०१९ साली गेली. झेरॉक्सच्या दुकानाबद्दल आम्ही शेवटपर्यंत बोललो नाही. ओळखपत्र मात्र आता मुलीने पेटीतून काढून आपल्या पुस्तकांत ठेवले आहे.

त्या शनिवारी चादर सोडत असताना रेल्वेतून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध उपासक काठी आपटत माझ्याकडे आले. "सचिव, विहारात डुकरं दाखवता? हे शोभतं का?" अगदी माझीच वाक्ये, क्रमसुद्धा तोच. मी त्यांना चहा दिला आणि विचारले, "बाबा, तुमचे वडील गावाकडं काय काम करायचे?"

ते एकदम गप्प झाले. चहा संपवला. मग सुरुवात केली. रात्री अकराला विहाराचे कुलूप घेऊन पोरगा आला, तेव्हा त्यांचे अजून मेलेल्या बैलाजवळच चालले होते, आणि आम्ही पाच-सहाजण सतरंजी न गुंडाळता बसून होतो.