करवतीची पत्रिका

वारसाहक्कानं कुणाला काय मिळेल याचा नेम नाही. कुणाला कोकणात आमराई मिळते, तर कुणाला त्या आमराईवरचा दावा मिळतो. माझ्या वडिलांना त्यांच्या काकांकडून एक तांब्याचा बंब आणि मूळव्याध मिळाली होती. पैकी बंब त्यांनी मोडीत काढला. मला मात्र एक करवत मिळाली. साधी हातकरवत नव्हे हो! पेट्रोलवर धडधडणारी, साखळीची करवत. आमच्या घराण्याचा करवतीशी आलेला एकमेव संबंध म्हणजे आजोबांचं करवतकाठी उपरणं. त्या उपरण्यानं कधी झाडाचं पानसुद्धा कापलं नाही.

ही करवत मिळाली ती शेजारच्या म्हातारबुवांकडून. न्यूयॉर्क म्हटलं की लोकांना उंच इमारती आठवतात, पण त्याच राज्याच्या वरच्या अंगाला नुसती झाडं, टेकड्या आणि सहा महिने बर्फ असतो. आम्ही तिथं बावीस वर्षं राहतो. म्हातारबुवा मागच्या वर्षी गेले आणि जाताना चिठ्ठी लिहून गेले : "करवत शेजारच्या इंजिनियरला द्यावी." आता मी इंजिनियर आहे तो कॉम्प्युटरमधला. माझ्या हातून आजवर तुटलेली सर्वात कठीण वस्तू म्हणजे दिवाळीच्या फराळातली चकली. पण मृत माणसाशी हुज्जत कशी घालणार?

यंत्र होमलाइट कंपनीचं, एक्सएल-१२ नावाचं. हे मॉडेल निघालं १९६३ साली. ही कंपनी मुळात १९२१ मध्ये विजेचे छोटे जनरेटर करायला निघाली होती. घरात दिवा लावणारी म्हणून होमलाइट! पुढे ती झाडं पाडू लागली. आपल्याकडेही मास्तर म्हणून निघालेली माणसं पुढे आमदार होतातच की.

म्हातारबुवांनी करवत ठेवली होती मात्र अशी, की एखाद्या घरी आजीची पैठणीसुद्धा इतकी जपत नसतील. पंख्यांच्या खाचांत भुशाचा कण नाही. प्रत्येक मोसमानंतर टाकीतलं पेट्रोल काढून, कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून ठेवलेलं. पट्टी दोन्ही कडांनी सारखी झिजावी म्हणून वेळोवेळी उलटवलेली. शेजारी कॉफीच्या डब्यात गोल कानस, आणि मुठीला तारेनं बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर पेन्सिलीनं तीन आकडे : ३/८, ०.०५०, ६०.

फक्त साखळी संपली होती. दात कानसून कानसून तान्ह्या बाळाच्या दातांएवढे उरले होते. देह ठणठणीत आणि कवळी गेलेली, अशी अवस्था. साखळी ही मुळात खर्चायचीच वस्तू. यंत्र साठ वर्षं टिकेल, साखळी दर काही वर्षांनी नवीच लागते. म्हणजे म्हातारबुवा मला सगळं देऊन गेले आणि नेमकी कापणारी गोष्ट तेवढी माझ्यावर सोडून गेले.

हौस म्हणून ती करवत भिंतीला टांगून ठेवता आली असती. पण शेजारच्या आजीबाईंचा हिवाळा लाकडाच्या शेगडीवर निघतो. लाकूड आजवर म्हातारबुवा फोडायचे. त्यांच्या अंगणातलं वाळलेलं ॲशचं झाड माहीतगार माणसांकडून पाडून घेतलं होतं, कारण मेलेलं ॲश ठिसूळ, ते पाडणं हे नवशिक्याचं काम नव्हे. पण खोड तिथंच आडवं होतं आणि ऑक्टोबर संपत आला होता. आजीबाई काही बोलल्या नाहीत. नुसत्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून खोडाकडे बघायच्या आणि मग माझ्याकडे.

आमची ही त्या खिडकीचा अर्थ माझ्याआधी समजली. "अहो, तो वारसा नाहीय, ती नेमणूक आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "विम्याचे कागद कुठं ठेवलेत?"

साखळी निवडणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सोप्या मराठीत सांगतो : पत्रिका जुळवणं. पुठ्ठ्यावरचे ते तीन आकडे म्हणजे गोत्र, नाडी आणि गुण. पहिला आकडा दोन कड्यांमधल्या अंतराचा. लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं अंतर मोजायचं आणि निम्मं करायचं. हे गोत्र. इंजिनावरचं दातेरी चाक ज्या गोत्राचं, साखळी त्याच गोत्राची लागते. लग्नात सगोत्र चालत नाही, इथं सगोत्रच लागतं, एवढाच फरक. दुसरा आकडा पट्टीच्या खाचेत बसणाऱ्या कडीच्या जाडीचा. ०.०५० इंच. शेजारचं स्थळ असतं ०.०५८ इंचांचं. फरक केवढा, तर एक पंचमांश मिलिमीटर! पण जाड कडी खाचेत शिरत नाही आणि पातळ कडी रुंद खाचेत कलंडते. ही नाडी. आणि तिसरा आकडा कड्यांचा. आपल्याकडे छत्तिसातले अठरा जुळले तरी मांडव घालतात. इथं साठातले साठ लागतात. एकोणसाठ झाले तर साखळी पट्टीवर चढत नाही, एकसष्ट झाले तर लोंबते.

दुकानात साखळीचं भलंमोठं रीळ असतं. त्यातून हव्या तेवढ्या कड्या मोजून, तोडून, रिव्हेट मारून देतात. मंडईत गजरेवाली हातावर मोजून गजरा तोडून देते ना, अगदी तस्सं. मी जुनी साखळी टेबलावर पसरून तीनदा मोजली होती. दुकानदारानं चौथ्यांदा मोजली. मला त्याचा आदर वाटला.

पण पत्रिका जुळली म्हणजे स्वभाव कळला असं थोडंच आहे! दुकानदारानं विचारलं, "दात कसला देऊ? चौकोनी कोपऱ्याचा की गोलसर?" चौकोनी दात स्वच्छ लाकूड लोण्यासारखं कापतो, पण माती लागली की लगेच रुसतो. गोलसर दात जरा सावकाश कापतो, पण धूळमाती सोसून धार धरून ठेवतो. त्यात पुन्हा एक सोशिक जात असते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर करवत उसळून थेट माणसाच्या तोंडाकडे येते. ती उसळी कमी व्हावी म्हणून या साखळीत उंचवट्याच्या जादा कड्या घातलेल्या असतात. माझ्या करवतीला चेन-ब्रेक नाही. तिच्या जन्माच्या वेळी ती पद्धतच नव्हती.

दुकानात तीन गिऱ्हाईकं होती. तिघांनीही मला सल्ला दिला. पुण्याबाहेरही हा गुण आढळतो, हे लक्षात येऊन जीव भरून आला. एकजण म्हणाला, चौकोनी दातच घ्या, मर्दाची साखळी आहे. दुसरा म्हणाला, ही पट्टीच बदला, लांब घ्या. तिसरा म्हणाला, करवत मला विका.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र मातीत पडलेलं खोड होतं, ब्रेक नसलेलं यंत्र होतं आणि विम्याचे कागद शोधणारी बायको होती. "गोलसर दात, उसळी कमी करणारी. साठ कड्या," मी म्हणालो. मर्दानी निराशेनं मान हलवली. दुकानदार मात्र रिळाकडे वळता वळता म्हणाला, "तुमचे म्हातारबुवाही हीच न्यायचे."

एक गंमत सांगतो. आजची साखळी माणसाला एका किड्यानं शिकवली. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात जो कॉक्स नावाचे लाकूडतोडे एका ओंडक्यावर वळवळणारी भुंग्याची अळी बघत बसले. अळी लाकूड डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे कुरतडत पुढे सरकत होती. तोवरच्या साखळ्या लाकूड नुसतं खरवडायच्या. कॉक्सनी अळीच्या जबड्यासारखे एकाआड एक डावे-उजवे दात केले आणि १९४७ मध्ये पोर्टलंडला घराच्या तळघरात धंदा थाटला. आज जगभर त्याच तऱ्हेचे दात फिरतात. आणि आजीबाईंचं झाड कशानं मेलं? तर आशियातून आलेल्या एका हिरव्या भुंग्याच्या अळीनं! हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला २००२ साली, मिशिगनमध्ये, आणि तेव्हापासून त्यानं कोट्यवधी ॲशची झाडं खलास केली. एका अळीनं मारलेलं झाड दुसऱ्या अळीच्या दातांनी कापायचं! आम्ही मधे फक्त पेट्रोल भरायचं.

शनिवारी सकाळी मी डोक्यावर टोप, डोळ्यांवर जाळी, कानांवर बोंडं आणि मांड्यांवर जाड कवच असा नटून उभा राहिलो. ही म्हणाली, "गौरीचा मुखवटा तेवढा राहिला." पाचव्या हिसक्याला इंजिन खोकलं, सातव्याला गरजलं. या करवतीत साखळीला तेल अंगठ्यानं बटण दाबून पाजावं लागतं. समईत तेल घालण्याची लहानपणची सवय शेवटी कामाला आली. पहिला ओंडका गडगडत बाजूला पडला.

आजीबाई बाहेर आल्या. ओंडक्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खाली वाकल्या आणि बुटाजवळचा चुरा मुठीत घेतला. साखळीला धार असेल तर कपच्या पडतात, बोथट झाली की पीठ पडतं. त्यांनी मूठ उघडून कपच्या निरखल्या, एक बोटांत धरून उन्हात बघितली आणि म्हणाल्या, "ठीक आहे." त्या सूरावरून वाटलं, उभ्या संसारात म्हातारबुवांनाही याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळालं नसावं.

डिसेंबरपर्यंत लाकडं रचून झाली. संध्याकाळी त्यांच्या धुराड्यातून धूर निघाला की ही मला खिडकीशी बोलावून दाखवते, जणू मीच पेटवलाय. मी करवत पुसून, टाकी रिकामी करून, पट्टी उलटवून ठेवली. मुलगा म्हणतो, "बाबा, हल्ली बॅटरीवरच्या मिळतात. आवाज नाही, वास नाही." खरंच आहे. पण परवा तो गॅरेजमध्ये ती मूठ हातात धरून बराच वेळ उभा होता, आणि पुठ्ठ्यावरचे आकडे पुटपुटत होता. पेन्सिल पुसट झाली होती, म्हणून मी ते शाईनं गिरवले आणि खाली मराठीत एक ओळ घातली : "गोलसर दातच घेणे. दुकानात कुणाचं ऐकू नये."