मैनाचा हट्ट आणि मांगीतुंगीचा डोंगर

मालेगावातून सकाळी निघालं की यंत्रमागांचा खडखडाट गावाच्या वेशीपर्यंत सोबत करतो. पुढे नामपूरचा रस्ता मोसम नदीचं खोरं धरून बागलाणात शिरतो. दुतर्फा कांद्याच्या चाळी, डाळिंबाच्या बागा. ताहाराबाद मागे पडलं की मांगी आणि तुंगी हे जोडसुळके डोळ्यांत भरतात. जैनांचं हे सिद्धक्षेत्र. मी निघालो होतो एका मुलीच्या हट्टाचा माग काढत.

मैना तिचं नाव. जन्म १९३४चा, उत्तर प्रदेशातल्या टिकैतनगरचा. आईला माहेरहून आंदणात मिळालेला ‘पद्मनंदी पंचविंशतिका’ हा ग्रंथ ती लहानपणापासून वाचत आली होती. १९५२ साली बाराबंकीत आचार्य देशभूषण महाराजांपुढे तिने जैन दीक्षेसाठी घर सोडण्याचा निश्चय सांगितला, तेव्हा वय अवघं अठरा. नातेवाईक आणि समाज दोघेही आडवे आले. एवढ्या कोवळ्या पोरीला हे झेपेल कसं? मैना मागे हटली नाही. अखेर आई मोहिनीदेवींनी संमती लिहून दिली आणि शरद पौर्णिमेला तिने आजन्म ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं.

पूर्ण दीक्षा मात्र लगेच मिळाली नाही. १९५३ साली महावीरजी या तीर्थक्षेत्री ती क्षुल्लिका, म्हणजे आर्यिकेच्या आधीच्या पायरीवरची साध्वी, झाली. १९५६ साली राजस्थानातल्या माधोराजपुऱ्यात, मूळच्या मराठवाड्यातल्या आचार्य वीरसागर महाराजांनी तिला आर्यिका, म्हणजे पूर्ण जैन साध्वीची, दीक्षा देऊन ‘ज्ञानमती’ हे नाव दिलं. विसाव्या शतकातल्या पहिल्या कुमारिका आर्यिका म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

आर्यिका होणं म्हणजे अंगावर एक पांढरी साडी, हाती मोरपिसांची पिच्छी आणि कमंडलू. दिवसातून एकदाच, तोही ओंजळीत आहार. केस स्वतःच्या हातांनी उपटायचे. चालणं अनवाणी.

मांगीतुंगीवर पायथ्याच्या भिलवाडपासून हजारो पायऱ्या चढून जावं लागतं. मांगीच्या कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या रांगा बघत पुढे गेलो, तर एक मूर्ती चक्क पाठमोरी. तोंड भिंतीकडे, भाविकांना दिसते ती फक्त पाठ. ते बलभद्र, कृष्णाचे थोरले भाऊ. कृष्णाच्या अंत्यसंस्कारानंतर त्यांनी इथेच तप केलं, असं परंपरा सांगते. जगाकडे पाठ फिरवण्याचं इतकं उघड शिल्प मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पण ज्ञानमती मातांचा संन्यास असा भिंतीकडे तोंड करून बसला नाही. त्यांनी ‘अष्टसहस्री’सारखा अवघड न्यायग्रंथ हिंदीत आणला, हस्तिनापूरला जैन विश्वरचनेतल्या जंबूद्वीपाची प्रतिकृती उभी करवली. मांगीतुंगीच्या अखंड कातळातून भगवान ऋषभदेवांची मूर्ती घडवावी, हा संकल्प त्यांनी १९९६ साली सोडला. तो पुरा व्हायला वीस वर्षं लागली. फेब्रुवारी २०१६ मध्ये १०८ फुटी मूर्तीची प्रतिष्ठापना झाली आणि पुढे गिनीज बुकात नोंदही. खाली उभं राहून मान वर केली, तरी चेहरा एका नजरेत मावत नाही.

इथे येणारा जो तो आधी मूर्तीची उंची विचारतो. मला वाटतं, लेकीबाळींना घेऊन येणाऱ्यांनी मोहिनीदेवींची गोष्टही त्यांना सांगावी. ज्या आईने लेकीला संमती लिहून दिली, तिनेच संसार आटोपल्यावर १९७१ साली अजमेरला दीक्षा घेतली आणि ती आर्यिका रत्नमती झाली.