जागा पाच फूट

मॉडेल रेल्वेच्या रुळांचा खोका पुन्हा माळ्यावरून खाली काढला. जागा एकच, खिडकीखालचं फळकूट: ५ फूट लांब, दीड फूट रुंद. त्यावरही कुंड्यांचा हक्क आधीचा.

मन एच-ओतच अडकलंय. १:८७ प्रमाण, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, इंजिन हातात घेतलं की वजन जाणवतं. पण १८ इंच त्रिज्येचं वळण पूर्ण फिरवायचं तर ३ फुटांहून जास्त रुंदी हवी. शिवाय एलएचबी डबा या मापात २७ सेंटिमीटरचा. चार डबे जोडले की फलाट संपला! एन म्हणजे १:१६०. त्यात तोच डबा १५ सेंटिमीटरवर येतो, पण ९ इंची वळणसुद्धा फळकुटाच्या कडेवरून खाली बघतं. झेड, १:२२०, घड्याळजींनी घ्यावं. माझ्या चष्म्याचं ते काम नव्हे.

आणि खरेपणाचं म्हणाल तर आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. ८७ने भागा, १९च्या वर जातो. म्हणजे एच-ओच्या रुळांवर भारतीय गाडी मुळात खोटीच.

मग माथेरान का नको? नेरळची लाइन १९०७ची, रूळ अवघे ६१० मिलिमीटरचे, वळणं मुळातच अवघड. ओओ-नाइनमध्ये १:७६चे डबे एनच्या ९ मिलिमीटर रुळांवर धावतात. हिशेबानं ८ हवेत, एवढं चालतं. गोल फिरवायची गरजच नाही, नुसती ये-जा आणि शंटिंग. डबे पुठ्ठ्याचे मीच करीन. त्याआधी एनची चाकं आणि मोटर त्या बुटक्या इंजिनाखाली मावते का, ते मोजायला हवं.