कॉव्हेंट्रीच्या कालव्यावर

लंडनच्या युस्टन स्थानकावरून आगगाडीत बसले की तासाभरात कॉव्हेंट्री येते. 2023 च्या उन्हाळ्यात मुलाकडे गेलो होतो, तेव्हा एका शनिवारी त्याने आम्हा दोघांना तिथे नेले. हे मोटारींच्या कारखान्यांचे गाव. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी ते बेचिराख केले. युद्धानंतर कारखान्यांना कामगार हवे होते. ते जमैकातून आले, आयर्लंडमधून आले, पंजाबातूनही आले.

मुलाला स्का संगीताचे भारी वेड. वाचकांना हा शब्द नवा वाटेल. बॉब मार्लेचे रेगे पुष्कळांनी ऐकलेले असते. स्का हा त्या रेगेचा थोरला भाऊ. जमैकाच्या किंग्स्टन शहरात गरिबांना मोठ्या नाचघरांची तिकिटे परवडत नसत. मग वस्तीतल्या मोकळ्या जागेत माणसाएवढे लाऊडस्पीकर उभे राहत आणि रात्रभर रेकॉर्डी वाजत. आपल्या चाळीत 14 एप्रिलला काय वेगळे असते? त्याच गर्दीतून 1950 च्या दशकाच्या अखेरीस स्का जन्माला आला. त्यात गिटारचा ठोका दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतो, आणि पाय आपोआप उचलला जातो. आमच्या सौभाग्यवतींचासुद्धा उचलला गेला!

कॉव्हेंट्रीत 1979 साली जेरी डॅमर्स या तरुणाने टू टोन नावाची रेकॉर्ड कंपनी काढली. टू टोन म्हणजे दुरंगी. काळे-पांढरे चौकडे हीच तिची खूण. त्याच्या ‘द स्पेशल्स’ या सात जणांच्या मेळ्यात दोघे जमैकात जन्मलेले, बाकीचे गोरे. दुसरा मेळा ‘द सिलेक्टर’. त्याची गायिका पॉलिन ब्लॅक आधी रुग्णालयात एक्स-रे काढायची. स्पेशल्सबरोबर ट्राँबोन वाजवणारे रिको रॉड्रिग्ज तर थेट किंग्स्टनच्या अल्फा शाळेत शिकलेले. गरिबांच्या मुलांना बँड शिकवणारी ही शाळा. 2015 साली ते वारले.

पण दिवस वाईट होते. कारखाने माणसे कमी करत होते आणि वर्णद्वेषी टोळ्या बेकार गोऱ्या पोरांना काळ्यांवर सोडत होत्या. तीच पोरे स्पेशल्सच्या मैफलीतही येत. हाणामारी झाली की मेळा वाजवणे थांबवी. 1980 साली केंब्रिजमध्ये मारामारी थांबवायला गेलेल्या डॅमर्स आणि गायक टेरी हॉल यांनाच उलट दंड भरावा लागला. असा न्याय आपल्याला काही नवा नाही.

कालव्याच्या धक्क्यावर पाच जण भेटले. सगळे साठीच्या आसपास, गळ्यात चौकड्यांचे टाय. त्यांतले एक पंजाबी गृहस्थ, मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले. आम्हाला पाहताच हिंदीत बोलू लागले. एप्रिल 1981 मध्ये भर शहरात एका तरुण पंजाबी विद्यार्थ्याचा वर्णद्वेषातून खून झाला होता. “वडील संध्याकाळी दाराला कडी लावून बसायचे,” ते सांगत होते. “जूनमध्ये स्पेशल्सनी वर्णद्वेषाविरुद्ध मैफल ठेवली. मी खोटे बोलून गेलो. शेजारी एक गोरा मुलगा नाचत होता, डोके तासलेला. आधी मी घाबरलो. मग त्याने पाण्याची बाटली माझ्यापुढे केली.”

तो गोरा मुलगा कुठे आहे, असे आम्ही विचारले. त्यांनी कठड्यावर बसलेल्या टकल्या गृहस्थाकडे बोट दाखवले. त्याने हात हलवला. “आता तासायची गरज उरली नाही,” पंजाबी भाऊ हसून म्हणाले.

मैफलीनंतर महिन्याभरात, जुलै 1981 मध्ये, ओस पडलेल्या गावावरचे स्पेशल्सचे ‘घोस्ट टाऊन’ हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. पण त्याच वर्षी मेळा फुटला. टेरी हॉल डिसेंबर 2022 मध्ये गेला. त्याचे नाव निघताच सगळे जरा गप्प झाले.

स्पेशल्सच्या पहिल्या रेकॉर्डीवरचे छायाचित्र याच धक्क्यावर काढलेले आहे. त्यात सातही जण खाली उभे राहून वर बघतात. या मंडळींना तसाच फोटो हवा होता, पण ती होती पाच. मग आम्हा दोघांना ओढून मध्ये उभे केले. टकल्या गृहस्थाने आपला टाय काढून आमच्या गळ्यात घातला. मुलगा कॅमेरा घेऊन वर चढला आणि ओरडला, “आई, बाबा, हसू नका! त्या फोटोत कुणी हसत नाही!”

सौभाग्यवतींना काही ते जमले नाही.