चौक राहील
सदाशिव पेठेतला प्लॉट रस्त्याकडे अरुंद, मागे रुंद. लोक त्याला गोमुखी म्हणून शुभ मानतात. मला चिंता उजेडाची. दोन्ही अंगांना शेजारच्या इमारती, त्यात सामासिक अंतरं सोडली की हाती तिरका तुकडाच उरतो. आज जिना आणि लिफ्ट त्या तिरक्या कोपऱ्यात सरकवले, तशा खोल्या काटकोनात आल्या. कपाट भिंतीला सरळ लागणार, केवढं समाधान! मधे चौक ठेवलाय. पेठांतल्या जुन्या वाड्यांनी हेच केलं होतं, लांबट जागेच्या पोटात आकाश उतरवलं. बिल्डर म्हणतात, तिथे आणखी एक खोली बसेल. बसेलही. पण भरदुपारी दिवा लावून भाजी चिरावी लागेल असं स्वयंपाकघर मी कुणालाही देणार नाही.