अड्यारच्या काठाने एक सकाळ

चेन्नईला गेलात की मरीना बीच पाहाल, मैलापूरच्या कपालीश्वराचे दर्शन घ्याल, टी. नगरात रेशमी साड्यांची खरेदीही होईल. ते सगळे जरूर करा. पण एक सकाळ हातची राखून ठेवा आणि ती अड्यार नदीला द्या. ही नदी काही सुंदर नाही. कुठे कुठे तर नाकाला रुमाल लावावा लागेल. तरीही मुलांना घेऊन जा. पुराने मोडलेला काठ एखादे शहर पुन्हा कसा बांधते आणि बांधताना कुठे चुकते, हे इथे डोळ्यांनी पाहता येते.

सुरुवात लोकल ट्रेनने करा. चेन्नई बीच स्टेशनहून वेलाचेरीकडे जाणारी गाडी पुढे उंच खांबांवरून धावते. खिडकीतून खाली पाहिलेत तर बराच वेळ एक काळपट कालवा सोबत येतो. तो बकिंगहॅम कालवा. एकेकाळी त्यातून मालाच्या होड्या जात. आता रेल्वेचे खांबच त्याच्या पात्रात उभे आहेत. ग्रीनवेज रोड स्टेशन सुटले की गाडी अड्यार ओलांडते आणि कोट्टूरपुरमला थांबते. तिथे उतरा.

‘आरु’ म्हणजे तमिळमध्ये नदी, आणि ‘अडै’चा एक अर्थ बंद होणे. आपल्या कानाला लगेच ‘अडणे’ आठवते. शब्दांचे नाते असो वा नसो, ही नदी मात्र खरोखरच अडते. समुद्राला मिळते तिथे लाटा वाळू आणून टाकतात आणि तोंड अरुंद होते. एकूण लांबी जेमतेम 42 किलोमीटर. आपल्या गोदावरी-कृष्णेपुढे ही ओढ्याएवढीच म्हणायची. पण वाटेतल्या कितीतरी तलावांचे सांडवे तिला येऊन मिळतात. या तलावांना इथे ‘एरी’ म्हणतात. त्यातली एक मोठी एरी म्हणजे चेंबरंबाक्कम. शहराला पिण्याचे पाणी देणारे हे जलाशय 24 फूट खोल आहे.

त्या रात्री काय झाले?

आपला पाऊस जूनमध्ये येतो. चेन्नईचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. 2015 साली नोव्हेंबरभर तो कोसळत होता. तलाव काठोकाठ भरले होते. 1 डिसेंबरला आभाळ पुन्हा फाटले. तांबरमला चोवीस तासांत सुमारे 49 सेंटिमीटर पाऊस पडला. चेंबरंबाक्कमचे दरवाजे उघडावे लागले आणि रात्री विसर्ग 29,000 क्युसेकवर गेला. हिशेब सोपा करून सांगायचा तर दर सेकंदाला दहा हजार लिटरचे ऐंशीहून अधिक टँकर! त्यात बाकीच्या तलावांचे पाणी वेगळेच.

सैदापेट, कोट्टूरपुरम भागात लोक झोपेत असताना पाणी घरात शिरले. विमानतळ काही दिवस बंद राहिला. ‘द हिंदू’ हे वृत्तपत्र 1878 पासून निघते. कामगार छापखान्यात पोहोचू न शकल्याने ते 2 डिसेंबरला पहिल्यांदाच छापले गेले नाही. त्या पावसाळ्यात तमिळनाडूत चारशेहून अधिक माणसे गेली. समुद्रकाठचे मच्छीमार आपल्या होड्या घेऊन शहराच्या रस्त्यांवर आले आणि त्यांनी असंख्य लोकांना बाहेर काढले.

पुढे कॅगच्या अहवालाने या संकटाला मानवनिर्मित म्हटले. पाऊस निसर्गाचा होता. पण पाणी कधी सोडायचे, पूरक्षेत्रात काय बांधू द्यायचे, हे माणसांनीच ठरवले होते.

मुंबईकरांना हे वाचताना 26 जुलै 2005 आठवला असेल. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस आणि घराघरांत शिरलेली मिठी नदी. साम्य इथेच संपत नाही. मिठीला मुंबई विमानतळाच्या धावपट्टीखालून वाट काढावी लागते, आणि चेन्नई विमानतळाची दुसरी धावपट्टी अड्यारवर पूल बांधून पुढे नेलेली आहे. दोन्ही शहरांनी आधी नदीच्या जागेत हातपाय पसरले आणि नदी घरात आली तेव्हा तिलाच बोल लावला.

भिंत बांधली, माणसे हलवली

कोट्टूरपुरमहून रिक्षाने सैदापेटच्या पुलावर या. इथे 1726 मध्ये कोजा पेट्रस उस्कान नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने स्वतःच्या पैशांनी पूल बांधला होता. आजचा मरैमलै अडिगळ पूल त्याच जागी उभा आहे. कठड्याशी थांबून खाली पाहा.

2015 नंतर नदीचा गाळ उपसला गेला, पात्र रुंद केले, जागोजागी काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या, कुंपण घालून झाडे लावली गेली. पाणी लवकर वाहून जावे हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नाही. पात्र गाळाने भरलेले असेल तर पूर रस्त्यावर येणारच.

पण या काठावर घरेही होती. घरकाम करणाऱ्या बायका, रिक्षावाले, हातगाडीवाले, रंगकाम करणारे अशा हजारो लोकांची. पुरानंतर त्यातल्या अनेक कुटुंबांना पेरुंबाक्कमच्या आठ मजली इमारतींत हलवले. छप्पर पक्के मिळाले, हे खरेच. पण काम राहिले शहरात आणि घर गेले पंधरा-वीस किलोमीटर लांब. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईने सकाळी सहाला कामावर कसे पोहोचायचे? नववी-दहावीतल्या मुलांनी शाळा बदलायची की रोज दोन बस?

आणखी एक गोष्ट नकाशात पाहा. पेरुंबाक्कम आहे पळ्ळिकरणै या पाणथळीच्या शेजारी. दक्षिण चेन्नईचे पावसाचे पाणी पूर्वी तिथे पसरायचे. भराव, कचरा आणि इमारती यांनी ही पाणथळ आक्रसत गेली. 2022 मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण तोवर बरेच हातचे गेले होते. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आले तेव्हा पेरुंबाक्कमच्या रस्त्यांवरही पाणी साचले. पुरापासून वाचवायला म्हणून ज्यांना हलवले, त्यांच्या दारात पुन्हा पाणीच.

जिथे नदीला जागा दिली

आता खाडीकडे चला. इथे तोल्काप्पिय पूंगा आहे. ‘पूंगा’ म्हणजे बाग. तमिळच्या सर्वांत जुन्या व्याकरणग्रंथावरून, ‘तोल्काप्पियम’वरून, हे नाव ठेवले आहे. 58 एकरांची ही जागा पूर्वी राडारोडा आणि सांडपाण्याने भरलेली होती. तो काढला, पाणी आत येईल अशी तळी मोकळी केली, कांदळवन आणि स्थानिक झाडे लावली, आणि 2011 मध्ये बाग खुली झाली. आज तिथे पाणपक्षी, खेकडे आणि फुलपाखरे दिसतात. जाण्याआधी वेळ आणि प्रवेशाचे नियम विचारून घ्या.

भिंतीत आणि इथे काय फरक आहे, हे मुलांना दाखवा. भिंत पाण्याला म्हणते, लवकर जा. पाणथळ म्हणते, जरा थांब. कांदळवनाच्या मुळांत पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो, भरतीचे पाणी पसरायला जागा मिळते.

हे थांबणे किती मोलाचे आहे, ते चेन्नईला 2019 मध्ये कळले. पुराला चार वर्षेही झाली नव्हती आणि तेच चेंबरंबाक्कम कोरडे पडले. जुलैमध्ये दोनशे किलोमीटरवरच्या जोलारपेट्टैहून रेल्वेच्या टाक्यांनी पाणी आणावे लागले. आपण 2016 मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी पाहिली आहे, तशीच. ज्या शहराने आलेले पाणी फक्त समुद्रात ढकलले, त्याला पुढच्या उन्हाळ्यात ते विकत घ्यावे लागते. म्हणून एरींचा गाळ काढणे आणि पाणथळ जपणे हेही नदीकाठाचेच काम आहे, भिंतीपासून कितीही दूर असले तरी.

शेवटचा थांबा

संध्याकाळी बेझंट नगरच्या समुद्रकिनाऱ्याने नदीच्या मुखापर्यंत जा. 1977 मध्ये ढासळलेला ‘मोडका पूल’ अजून तिथे अर्धवट उभा आहे. जवळ मात्र जपून जा, अंधार पडायच्या आत परता. पलीकडे श्रीनिवासपुरमची मच्छीमार वस्ती दिसेल. समोर वाळूचा तो बांध, जो समुद्र पुन्हा पुन्हा घालतो आणि माणसे यंत्रांनी पुन्हा पुन्हा मोकळा करतात. नदीचे काम एकदा करून फीत कापून संपत नाही, ते असे.

घरी परतल्यावर आपापल्या नदीवर एक चक्कर मारा. कोल्हापूरकरांनी पंचगंगेवर, चिपळूणकरांनी वाशिष्ठीवर, पुणेकरांनी मुठेवर. जिथे काठाचे नवे काम चालू असेल, तिथे एवढेच पाहा: पूर आला तर पाण्याला पसरायला जागा कुठे ठेवली आहे? आणि पूर्वी या काठावर जे राहत होते, ते आता सकाळी किती वाजता घरून निघतात?